साडेचारचा गजर आणि नव्वदचा पाढा

बारावीच्या वर्षासाठी भाचा निफाडहून आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आला. दुसऱ्याच दिवशी त्याने कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला. डावीकडे झोपायच्या वेळा, उजवीकडे उठायच्या. रात्री १२ ला झोपलं तर ३, ४.३०, ६ किंवा ७.३०. मधल्या वेळा वर्ज्य. कुठल्याशा व्हिडिओत त्याने ऐकलं होतं की झोप म्हणजे नव्वद-नव्वद मिनिटांच्या डब्यांची गाडी. डबा संपतो तिथे उतरलं की माणूस टवटवीत, मध्येच उडी मारली की दिवसभर डोकं जड. त्याने साडेचार निवडले. तीन डबे, हिशेब चोख. वर पुरावा तयारच होता: "मामा, आमचे आप्पा पण साडेचारलाच उठतात की."

आप्पा म्हणजे त्याचे आजोबा. द्राक्षबाग आहे. गेली कित्येक वर्षं गजर न लावता साडेचारला उठतात, चूळ भरून बागेत एक चक्कर मारतात, मग चहा. दिवसा त्यांना पेंगताना कुणी बघितलेलं नाही. भाचा मात्र आठवड्याभरात क्लासच्या पहिल्या बाकावर बसून डुलायला लागला. पहाटे गजर वाजायचा, हा तो बंद करायचा, आणि बंद केल्याचं याला आठवायचंही नाही. शेवटी त्याच्या गजराने रोज मी उठायला लागलो. मग उठलोच आहोत तर, म्हणून याबद्दल वाचायला बसलो.

पहिली गोष्ट ही कळली की नव्वदचा आकडा खोटा नाही.

१९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची आंदोलनं पहिल्यांदा कागदावर उतरवली. त्या नोंदीला आज आपण ईईजी म्हणतो. तोवर झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखं काहीतरी, सगळं बंद, अशीच समजूत होती. पुढे १९५१ च्या डिसेंबरात शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, अशाच तारा लावून झोपवलं आणि स्वतः शेजारच्या खोलीत यंत्रापाशी बसला. रात्री कधीतरी यंत्राची पेनं अचानक जोरजोरात हलायला लागली, जणू पोरगा टक्क जागा होऊन इकडेतिकडे बघतोय. हा बघायला गेला तर पोरगा ढाराढूर. फक्त बंद पापण्यांखाली बुबुळं भराभरा फिरत होती. यंत्र जुनंपुराणं होतं, त्यामुळे ते बिघडलंय अशी शंका त्याला बराच काळ होती. पण इतर माणसांवरही तेच दिसलं. १९५३ मध्ये त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ते छापलं. या झोपेला रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे रेम, हे नाव पडलं. १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी अख्ख्या रात्रीच्या नोंदी मांडून दाखवलं की ही रेम झोप रात्रीतून चार-पाच वेळा येते आणि दोन वेळांमध्ये साधारण दीड तासाचं अंतर असतं.

आपल्या कपाटावरचा कागद तिथून आला. वाटेत त्यातला "साधारण" हा शब्द तेवढा गळाला.

रात्रभर चाललेलं काय असतं

गंमत अशी की शास्त्रज्ञांनी टप्प्यांना आकडे दिले, पण आपल्या भाषेत त्यांतल्या बऱ्याच टप्प्यांना आधीपासून शब्द आहेत.

पहिला टप्पा म्हणजे पेंग. जेमतेम काही मिनिटांचा. टीव्हीसमोर मान कलंडलेल्या माणसाला "झोपलात का?" विचारलं की "छे, नुसते डोळे मिटले होते" असं उत्तर येतं ना, तो हा टप्पा, तो माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच झोपल्यासारखं वाटलेलं नसतं. पायरी चुकल्यासारखा पाय झटकन उडतो, दचकायला होतं, तेही इथेच. काळजीचं काही नाही.

दुसरा टप्पा ही आपली रोजची भाजीभाकरी. रात्रीची जवळपास निम्मी झोप हीच असते. श्वास संथ होतो, अंग किंचित गार पडायला लागतं. मेंदूच्या आलेखावर मधूनमधून लहरींचे छोटे झुबके उठतात, सेकंदाला बारा-चौदा लहरी, दोन्ही टोकांना निमुळते आणि मध्ये फुगीर. सूत काढायच्या चातीसारखे दिसतात म्हणून त्यांचं इंग्रजी नावही चातीवरूनच पडलंय. बाहेरचा भुंकणारा कुत्रा मेंदूपर्यंत पोचू न देण्यात आणि दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्यात या झुबक्यांचा हात असतो असं मानतात.

तिसरा टप्पा म्हणजे गाढ झोप. लहरी मोठ्या आणि सुस्त, सेकंदाला एखाद-दुसरी. लग्नाहून रात्री परतताना गाडीत झोपलेलं पोर उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं, बूट काढले, गोधडी घातली, तरी त्याला पत्ता नसतो. ती ही झोप. वाढीचं संप्रेरक मुख्यतः याच वेळात स्रवतं. यातून माणसाला उठवणं सगळ्यात अवघड, आणि उठवलाच तर तो उठल्यासारखा वागतो, असतो मात्र झोपेतच.

मग रेम. मेंदू जवळजवळ जागेपणीइतका कामात, स्वप्नं रंगात आलेली, आणि हातापायांचे स्नायू मात्र पार सैल. ही सैलाई नसती तर स्वप्नात धावणारा माणूस खरोखर पलंगावरून पळाला असता.

पेंग, हलकी झोप, गाढ झोप, पुन्हा हलकी, मग रेम: हे एक आवर्तन. ते संपताना कित्येकदा क्षणभर जागही येते, कूस बदलली जाते, सकाळी ती आठवत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट, जी त्या कागदावर नव्हती. ही आवर्तनं एकसारख्या डब्यांची नसतात. रात्रीच्या पहिल्या दोन आवर्तनांत गाढ झोपेचा वाटा भरपूर आणि रेम अगदी थोडी, पहिल्या खेपेला तर जेमतेम पाच-दहा मिनिटं. रात्र सरेल तशी गाढ झोप आटत जाते आणि रेम फुगत जाते. पहाटेची शेवटची रेम अर्ध्या तासाचीही असू शकते. म्हणून उजाडताना पडलेली स्वप्नं जास्त आठवतात. पहाटेच्या या झोपेला आपण साखरझोप म्हणतो. ज्या कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याच्याकडे ईईजी नव्हता, पण रात्रीची झोप आणि पहाटेची झोप ही वेगळी वस्तू आहे हे त्याला नक्की कळलं होतं.

म्हणजे भाच्याचे "तीन डबे" हा साडेसात तासांच्या झोपेतला पाचातून तीन असा सरळ भाग नाही. गाढ झोपेचा बराचसा हप्ता त्याला मिळत होता, रेमचा मोठा वाटा मात्र तो रोज गजराने कापून टाकत होता.

पाढा कुठे चुकतो

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एकेका आवर्तनाची लांबी ७० मिनिटांपासून १२० मिनिटांपर्यंत काहीही असू शकते. माणसामाणसांत फरक, आणि एकाच माणसाच्या एकाच रात्रीतही. समजा एकाचं आवर्तन सरासरी ८० मिनिटांचं आहे आणि दुसऱ्याचं १०० चं. दोघंही निरोगी, दोघंही "साधारण नव्वद". पाचवं आवर्तन संपेल तेव्हा पहिल्याचे ४०० मिनिटं झालेले असतील, दुसऱ्याचे ५००. एकाचे पावणेसात तास सुद्धा पुरे नाहीत आणि दुसऱ्याचे सव्वाआठ उलटून गेलेत. फरक १०० मिनिटांचा, म्हणजे अख्ख्या डब्याहून मोठा. त्यात अंथरुणावर पडल्यावर डोळा कधी लागला हे आपल्याला नेमकं सांगता येत नाही. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास. ज्या फूटपट्टीची सुरुवात कुठे ठेवली हे माहीत नाही आणि जिचे इंच दर रात्री बदलतात, तिने सकाळचे साडेचार मोजायचे.

मनगटावरच्या घड्याळांचं काय, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. ती मेंदूच्या लहरी बघतच नाहीत. हाताची हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतात. झोपलात की जागे आहात हे त्यांना बऱ्यापैकी कळतं, गाढ की रेम हे ठरवताना मात्र चुका पुष्कळ. खरी मोजणी झोपेच्या प्रयोगशाळेत होते: डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला तारा, आणि रात्रभराची नोंद तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून वाचायची. मनगटावरचं घड्याळ अर्ध्या तासाच्या टप्प्यात हालचाल बघून हळूच उठवतं, ती सोय बरी आहे, एवढंच. त्याने सकाळी दाखवलेल्या "गाढ झोप ५३ मिनिटं" या आकड्यावरून दिवस खराब करून घेणारे लोक मला माहीत आहेत. ऑफिसात शेजारीच बसतात.

आणि सगळ्यात सोपा मुद्दा. पूर्ण झोप झाली असेल तर पहाटे गाढ झोप जवळपास शिल्लकच नसते. गजर कधीही वाजला तरी तो बहुधा हलक्या झोपेत नाहीतर रेममध्ये सापडतो. पाढ्याची गरज त्यालाच पडते ज्याने झोप अर्धी ठेवली आहे, आणि नेमका त्यालाच तो उपयोगी पडत नाही.

उठल्यावरच्या त्या बधिरपणाला झोपेची जडता म्हणू. सगळ्यांनाच थोडी असते, साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास. मेंदूचे सगळे भाग एका वेळी उठत नाहीत. डोळे उघडणारा विभाग आधी, निर्णय घेणारा मागाहून. गजर बंद करून ते विसरणारा भाचा त्या मधल्या काळातला. ही जडता तीन गोष्टींनी वाढते: गाढ झोपेतून उठवलं तर, आधीची झोप बाकी राहिली असेल तर, आणि शरीराच्या मध्यरात्री उठवलं तर. पहिल्या कारणावर सगळे व्हिडिओ आहेत. भाच्याला मात्र दुसरं आणि तिसरं नडत होतं.

शरीराची मध्यरात्र

झोप कधी येणार आणि कधी उडणार, हे दोन गोष्टी मिळून ठरवतात. ही मांडणी झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बॉरबेली यांनी १९८२ मध्ये केली आणि अजून ती टिकून आहे.

एक म्हणजे साठत जाणारा भार. जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, जितका वेळ जागे तितकं जास्त, आणि झोपेत ते उपसलं जातं. चहा-कॉफीतलं कॅफिन या ॲडेनोसिनच्या बसायच्या जागा अडवून ठेवतं. ते साचलेलं कमी करत नाही, आपल्याला जाणवू देत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. अभ्यासासाठी रात्री नऊला घेतलेला कडक चहा दोन वाजता अर्धा कप उरलेलाच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, मेंदूत, हजारो पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. तो स्वतःच्या तालावर चालतो, माणसात सरासरी २४ तासांहून काही मिनिटं जास्त. पेशीतलं हे घड्याळ कुठल्या जनुकांवर चालतं हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ अंगाचं तापमान हलवतं. संध्याकाळी ते चढलेलं असतं, रात्री उतरत जातं, आणि आपण गजराविना ज्या वेळी उठतो त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी तळाला पोचतं. तिथून अंग तापायला लागतं, रात्र झाल्याचं अंगाला सांगणारं मेलाटोनिन ओसरतं, उठायची तयारी करून देणारं कॉर्टिसॉल वाढतं. शरीराची सकाळ तिथे सुरू होते.

आता आप्पा आणि भाचा यांना शेजारी शेजारी ठेवा.

आप्पा रात्री नऊला आडवे होतात. साडेचारला आपणहून जागे. म्हणजे त्यांचं तापमान दोनच्या आसपास तळाला जाऊन कधीच वर निघालेलं असतं. साडेसात तासांत भार उपसून झालेला. त्यांच्यासाठी साडेचार ही खरोखरच सकाळ. भाचा बाराला झोपतो आणि सुट्टीत गजर न लावता आठला उठतो. त्याचा तळ पाच-साडेपाचला. साडेचारचा गजर त्याच्या उठायच्या वेळेच्या साडेतीन तास आधी वाजतो. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर आप्पांना रोज रात्री एक वाजता उठवून गणितं सोडवायला बसवण्यासारखं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार एकच, अंगातले साडेचार दोन.

यात वयाचाही भाग आहे. पंधरा-सोळाच्या सुमाराला हे घड्याळ तास-दोन तास मागे सरकतं. पोरांना अकरापर्यंत झोपच येत नाही, तो निव्वळ मोबाईलचा दोष नसतो. उतारवयात ते पुन्हा पुढे येतं. बारावीच्या पोराला आजोबांचं वेळापत्रक लावणं म्हणजे त्यांचे धोतर-सदरे घालायला लावण्यासारखं, मापच वेगळं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, मोठ्यांना सात ते नऊ. "लवकर निजे, लवकर उठे" ही म्हण आपण सगळे सांगतो, पण घोटवून घेतो ती दुसऱ्या अर्ध्यापुरती.

आप्पांच्या गजराविना उठण्यालाही आधार आहे. १९९९ मध्ये जर्मनीतल्या यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग छापला. काहींना झोपताना सांगितलं, सहाला उठवणार आहोत. काहींना सांगितलं नऊला. सहाची अपेक्षा असलेल्यांच्या रक्तात सहाच्या आधीच्या तासाभरात उठण्याची तयारी करणारं संप्रेरक वाढायला लागलं, झोपेत असतानाच. ज्यांना नऊ सांगून अचानक सहाला उठवलं त्यांच्यात ती तयारी नव्हती. शरीर झोपेतही वेळेची वाट बघतं, फक्त वेळ आधी ठरलेली हवी. आज साडेचार, उद्या सात, रविवारी दहा असं चाललं तर ते वाट तरी कशाची बघणार?

नाशिकचा उशिरा येणारा सूर्य

हे आतलं घड्याळ रोज थोडं भरकटतं, आणि त्याला जागेवर आणतो उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांना आकार दिसत नाहीत, फक्त उजेड कळतो, विशेषतः आकाशाच्या निळसर रंगाचा. त्या उजेडाला थेट प्रतिसाद देतात हे २००२ मध्ये स्पष्ट झालं. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण उजेड मोजायच्या मापात, म्हणजे लक्समध्ये, तो दोन-तीनशेच्या आसपास असतो, आणि ढगाळ सकाळीसुद्धा बाहेर हजारो लक्स असतात. गॅलरीत उभं राहून दात घासले तरी फरक पडतो.

इथे नाशिकला एक अडचण आहे. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते. नाशिक पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणजे पावणेनऊ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या पस्तीस मिनिटं मागे धावतो. कोलकात्याच्या तुलनेत तर जवळजवळ तासभर. जानेवारीच्या मध्यावर इथे सूर्य उगवतो सात-दहाच्या सुमाराला. सातच्या क्लासला निघालेली पोरं स्वेटर-मफलर गुंडाळून अक्षरशः रात्रीतून सायकली, ॲक्टिव्हा हाकत असतात. संध्याकाळी उजेड जास्त वेळ टिकतो म्हणून झोपायला उशीर, सकाळची वेळ मात्र साऱ्या देशाची एकच. अर्थतज्ज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांवर नेमकं हेच दाखवलं: जिथे सूर्य उशिरा मावळतो तिथली मुलं उशिरा झोपतात, पण उशिरा उठत नाहीत, झोप तेवढी कमी होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. चांगलंच झालं. पण झोपेचं शास्त्र बघितलं तर सगळ्यात जास्त गरज आठवी ते बारावीला आहे. लहान पोरं बिचारी नऊला झोपू तरी शकतात.

ब्रह्ममुहूर्ताचा विषय निघतोच, तर तोही हिशेब करून बघितला. सूर्योदयाच्या १ तास ३६ मिनिटं आधी तो सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. नाशिकला जूनमध्ये सूर्योदय ५.५५ च्या सुमाराला, म्हणजे मुहूर्त साधारण ४.२० ते ५.०५. जानेवारीत मात्र ५.३५ ते ६.२०! बाराही महिने "पहाटे चारला उठा" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जुन्या लोकांची वेळ सूर्याला बांधलेली होती, भिंतीला नाही.

दुपारची डुलकी, आणि वाइन

आठवड्यातून दोनदा मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो. सातच्या सुमाराला गाडी नाशिकरोडला येते, आणि पासवाल्यांच्या डब्यात इगतपुरीच्या आत निम्मे लोक झोपलेले. मुरलेला पासवाला कसाऱ्याच्या घाटात ताजातवाना उठतो, नवखा मात्र कल्याणला भांबावून "कुठलं स्टेशन?" विचारतो. फरक लांबीचा. दहा-वीस मिनिटांची डुलकी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच संपते, तिच्यातून सहज बाहेर येता येतं. पाऊण-एक तास झाला की गाढ झोप लागलेली असते आणि तिथून उठणं म्हणजे विहिरीतून वर येणं. एक तर वीस मिनिटं, नाहीतर मग पूर्ण दीड तास. नव्वदचा आकडा कुठे थोडाफार चालत असेल तर इथे, कारण एकाच आवर्तनात चूक साठत जात नाही.

वामकुक्षीची सुस्ती नुसती जेवणाने येत नाही. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान घड्याळाचाच एक छोटा उतार असतो, उपाशी माणसालाही तो जाणवतो. मिसळ खाल्ली असेल तर अर्थात प्रश्नच मिटला.

द्राक्षांच्या गावात राहतो तर वाइनबद्दलही सांगायला हवं. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीच्या पहिल्या भागात ती रेम दाबते, आणि उतरायला लागली की दुसऱ्या भागात झोप पुन्हा पुन्हा चाळवते. गंगापूर रोडच्या मेजवानीनंतर पहाटे तीनला टक्क डोळे उघडतात ते यामुळे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांचं, आणि रात्रपाळीच्या विजेवर शेताला पाणी भरणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्या घड्याळाला दर आठवड्याला लंडन नाहीतर टोकियो दाखवल्यासारखं होतं. पाळी बदलायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने बदललेली त्यातल्या त्यात सोसते, आणि रात्रपाळीहून येताना गॉगल, घरी खिडकीला जाड पडदा. याहून जास्त मदत शास्त्राकडेही नाही. आणि जो आठ तास झोपूनही रोज थकलेला उठतो, घोरताना मध्येच ज्याचा श्वास अडकतो असं घरचे सांगतात, त्याने गजराशी खेळत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. तो झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत.

भाच्याच्या बाबतीत आम्ही काही मोठं केलं नाही. गजर साडेचारवरून सव्वासहावर आणला आणि तिथे ठोकून टाकला, रविवारी फार तर सात. झोपायची वेळ एकदम नाही, तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अशी अलीकडे खेचली. बारावरून साडेदहावर यायला तीन आठवडे गेले. मोबाईल रात्री हॉलमध्ये, चार्जरसकट. यावर दोन दिवस अबोला झाला. सकाळी चहा गॅलरीत. पहिल्या अर्ध्या तासात गणित नाही, वही लावणं, आंघोळ असली बिनडोक कामं, कारण डोकं तेव्हा उठलेलं नसतं. दुपारी क्लासहून आला की वीस मिनिटं आडवा. दिवाळीपर्यंत तो गजराच्या पाच-सात मिनिटं आधीच जागा व्हायला लागला. कपाटावरचा कागद त्याने स्वतः काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सेंद्रिय रसायनाच्या अभिक्रिया लिहिल्या.

जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाला. बागेला थंडी लागू नये म्हणून आप्पा सलग तीन रात्री शेकोट्या पेटवत, पाणी सोडत जागले, आणि चौथ्या दिवशी काही कामासाठी नाशिकला आमच्याकडे मुक्कामी आले. सकाळी साडेचार वाजले, पाच वाजले, सहा वाजले. सव्वासहाला भाचा उठला. आप्पा घोरत होते. आठ वाजता ते उठून बसले, चष्मा डोक्यावर असताना उशीखाली शोधायला लागले. मी बाजारसमितीतला भाव विचारायला तोंड उघडलं तर भाच्याने मला हातानेच थांबवलं.

"मामा, अर्धा तास थांबा. अजून उठले नाहीत ते."